बाबांची काळी बिअर

आमच्या घरात बिअर कुणीच पीत नव्हतं. तरीही कोबेच्या त्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मधली काही वर्षं बिअरवर जेवढं बोलणं झालं तेवढं दुसऱ्या कशावरही झालं नसेल. घर डोंगराच्या उतारावर होतं. खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसायचा आणि धुक्याच्या दिवशी तो दिसेनासा झाला की जहाजांचे भोंगे मात्र जास्तच जवळून ऐकू यायचे. संध्याकाळी तोफूवाला आपली छोटी पिपाणी वाजवत चढ चढायचा. ती ऐकू आली की आई कुकर लावायची आणि बाबा ऑफिसमधून यायच्या बेतात असायचे. जपानी तांदळाचा भात चिकट व्हायचा, त्यावर वरण घातलं तरी तो सुटायचा नाही. आई रोज तेच म्हणायची, "हा भात नाही, हा डिंक आहे," आणि आम्ही रोज तो आवडीने खायचो.

बाबा एका सिंधी शेठांच्या पेढीत होते. गिरगावातून त्यांना कापडाच्या निर्यातीच्या कामासाठी इथे आणलं होतं. पुढे कापडाचा धंदा मंदावला तेव्हा शेठांनी नव्या गोष्टी करून पाहिल्या, त्यातली एक ही. फिनलंडमधल्या एका जुन्या ब्रुअरीशी त्यांची गाठ कुणा जहाजाच्या कप्तानामार्फत पडली होती. "नेने, तुम पीते नहीं हो ना? फिर ये काम तुम ही देखो," असं म्हणून त्यांनी बिअरचं सगळं काम बाबांकडे दिलं. शेठांचा हिशेब साधा होता. न पिणाऱ्याच्या हातात गोदामाची किल्ली सुरक्षित.

मी आज हे लिहायला बसलो त्याचं कारण माझी धाकटी बहीण कुंदा. मागच्या दिवाळीत मी टोकियोला, ओजिमात, मुलाकडे होतो. फराळाच्या वेळी पुण्याहून कुंदाचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने तिचा नेहमीचा किस्सा सांगितला. "बाबांनी त्या बिचाऱ्या जपान्यासमोर असं भाषण ठोकलं, असं ठोकलं, की तो म्हणाला, नको बाबा तुमची बिअर, घेऊन जा परत! आणि शेठांचा अख्खा धंदा बुडाला." सगळे हसले. सूनबाई हसली, माझा नातू नील चकली खाता खाता हसला आणि माझ्याकडे वळून जपानीत म्हणाला, "होन्तो?" म्हणजे खरंच का. मी मान हलवली. हसलोही. कुंदा हा किस्सा इतकी वर्षं सांगते आहे आणि इतकी वर्षं मी तिच्या बरोबरीने हसत आलो आहे. कुंदा त्या दिवशी शाळेत होती. त्या खोलीत मी होतो.

ब्रुअरीकडून नमुन्याच्या पेट्यांबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. बाबांनी ती इतक्या वेळा वाचली की तिच्या पानांना आमटीचे डाग पडले. ब्रुअरीचं नाव मी इथे लिहीत नाही. खरं सांगायचं तर आम्हाला कुणालाच ते नीट उच्चारता येत नव्हतं. आई "तुमची ती नदीवरची" एवढंच म्हणायची. एका नदीच्या मुखाशी लाकडी घरांचं छोटं गाव, तिथल्या एका व्यापाऱ्याने ती काढली. एकदा गाव जळालं तेव्हा तीही जळाली, मग विटांची बांधली. व्यापारी गेल्यावर त्याच्या विधवेने ती चालवली. हिवाळ्यात नदीतून बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात पुरून, उन्हाळाभर तळघरं थंड ठेवायचे. हे सगळं बाबा आम्हाला जेवताना सांगायचे, आणि आपल्याच सासुरवाडीबद्दल बोलावं तसं सांगायचे.

त्यांना सगळ्यात आवडायचा तो दारूबंदीचा भाग. त्या देशात काही वर्षं दारूबंदी होती. तेव्हा आजूबाजूच्या कितीतरी ब्रुअऱ्या बंद पडल्या, पण हिने लिंबाचं सरबत, सोडा आणि मोड आलेल्या धान्याचं बिनदारूचं पेय विकून दिवस काढले. बाबा स्वतः मुंबईच्या दारूबंदीत वाढलेले. "बघ सुधीर," ते म्हणायचे, "ज्यांचा धंदाच दारूचा, त्यांनी सरबत विकून कामगार सांभाळले. याला म्हणतात पेढी." आई वाढता वाढता म्हणायची, "मग आताही सरबतच विकायचं होतं की. तुम्हाला निदान चव तरी घेता आली असती."

चव हा बाबांचा एकच अडसर होता. वासावरून मात्र ते सगळ्या बाटल्या ओळखायचे. एक फिकट सोनेरी लागर, एक नाताळची तांबूस, एक जेवणाबरोबर ताकासारखी प्यायची सौम्य, आणि काळी पोर्टर. बिअर कशी करतात हे त्यांनी आईला फार सुंदर समजावलं होतं. बार्ली भिजवायची, तिला मटकीसारखे मोड आणायचे, वाळवायची, भाजायची. "म्हणजे नाचणीचं सत्त्वच की," आई म्हणाली. "सत्त्वच," बाबा म्हणाले, "फक्त पुढे त्याला विरजण लागतं." पोर्टरसाठी बार्ली जवळजवळ करपेपर्यंत भाजायची, म्हणून ती काळी. शिवाय पोर्टर बाटलीत भरल्यावरही तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, ते बाटलीतच हळूहळू काम करत राहतं आणि तळाशी साका धरतं. बाटली न हलवता, शांतपणे ओतायची आणि तो साका तळाशीच ठेवायचा, अशी तिची रीत. कुणी मुद्दाम तो ढवळून पितात. काहीही केलं तरी त्याने अपाय नाही. हे सगळं मला बिअरचा पहिला घोट घेण्याच्या कितीतरी आधी पाठ झालं होतं.

पुस्तिकेच्या शेवटी वसंताच्या सणाला त्या देशात घरोघर करतात त्या लिंबाच्या पेयाची कृती होती. आईने ती एकदा करून पाहिली. लिंबं, तपकिरी साखर, उकळतं पाणी, निवल्यावर चिमूटभर यीस्ट, आणि बरणीत मूठभर मनुका. मनुका तळाशी असेपर्यंत थांबायचं, त्या फुगून वर आल्या की पेय तयार. कुंदा शाळेतून आली की दप्तर न काढता बरणीसमोर बसायची. पहिली मनुका वर आली तेव्हा तिने सगळं घर डोक्यावर घेतलं. आईने ग्लास नाकाशी नेऊन विचारलं, "अहो, यात दारू नाही ना?" बाबा म्हणाले, "असलीच तर शिळ्या ताकात असते तेवढी." मग आई प्यायली, आणि अजून थोडं घेऊ का, असं बाबांनाच विचारून पुन्हा प्यायली. त्या काळातली आमची जी काही सुखं होती त्यांत हे एक मी धरतो.

मी तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष संपवत होतो. इंग्रजी शाळेची फी परवडत नसल्याने बाबांनी मला जपानी शाळेत घातलं होतं, आणि मी आतून-बाहेरून जपानी मुलगा झालो होतो. चेहरा सोडून. कुणाच्या अंगावर जाऊन न बोलणं, प्रश्न विचारण्याआधी त्रासाबद्दल क्षमा मागणं, मोठ्यांच्या शांततेत आपणही शांत बसणं, हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलं होतं की ट्रेनमध्ये बाबा माझ्याशी मराठीत मोकळ्या आवाजात बोलू लागले की मी खिडकीबाहेर बघायचो. बाबा हातवारे करून बोलायचे. माणूस मोठा गोड, पण त्यांचं बोलणं दूरवर जायचं. त्या वयात मला त्यांची जेवढी लाज वाटायची तेवढं प्रेमही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

पोर्टरचा मोठा माल आला आणि काही आठवड्यांतच नाकातानी-सानांचा निरोप आला. नाकातानी-सान, म्हणजे आपल्याकडचे नाकातानीसाहेब, हे दारूचे घाऊक व्यापारी, शेठांचा सगळा माल त्यांच्यामार्फत बारवाल्यांकडे जायचा. पांढरे केस, नेहमी करडा कोट, बोलणं अगदी कमी. बारवाले बाटल्या परत करत होते, तळाशी माती आहे म्हणत होते. शेठ घाबरले. बाबा मात्र घाबरले नाहीत. त्यांना उलट आनंदच झाला असं मला आठवतं, कारण त्यांना याचं उत्तर माहीत होतं. त्यांनी ते उत्तर नीट बांधलं. साके म्हणजे इथली तांदळाची दारू; तिचा गढूळ साके नावाचा एक प्रकार मिळतो, पांढरट, तळाशी तांदळाचा साका असलेला. तो बाबांनी दुकानातून विकत आणला आणि चौकोनी रेशमी कापडात, इथल्या रीतीप्रमाणे, गाठ मारून बांधला. एका बाजूला साके, दुसऱ्या बाजूला पोर्टर, दोन्ही ओतून दाखवायचं असा त्यांचा बेत. आईने कापडाची गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. "सरळ बसली पाहिजे," ती म्हणाली.

पेढीत दुभाष्याचं काम इतो-सान करायचे. ते तापाने पडले. भेट पुढे ढकलणं बाबांना बरं दिसेना. "तू चल," ते मला म्हणाले. "त्यांच्या इंग्रजीपेक्षा तुझं जपानी चांगलं आहे." मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

नाकातानी-सानांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. खाली तातामीच्या गवती चटया, मध्ये ठेंगणं टेबल, त्यावर परत आलेली पोर्टरची एक बाटली. चहा आला. मग बाबा बोलू लागले. ते काय बोलले ते मला आजही स्वच्छ आठवतं, आणि हे प्रकरण मी खरं तर तेवढ्यासाठीच लिहितो आहे. ते म्हणाले, "नाकातानी-सान, तुमच्या ग्राहकांना शंका आली यात त्यांची काही चूक नाही. हे आम्ही माल देतानाच सांगायला हवं होतं, ते राहिलं. पण बाटलीत दोष नाही. तळाशी आहे ते बिअर करणारं यीस्ट आहे, ते असणं हीच या बिअरची ओळख. तुमच्याकडे गढूळ साके आहे. त्याच्या तळाशी साका नसेल तर तुम्ही म्हणाल हे नकली आहे. तसंच हे. तुम्ही परवानगी दिलीत तर मी दोन्ही शेजारी ओतून दाखवतो. तुम्ही या धंद्यात जन्म काढलात. तुमची जीभ जे सांगेल ते मला मान्य."

कुंदाच्या किश्श्यात बाबा ओरडतात. बाबा ओरडले नव्हते. त्यांचा आवाज नेहमीचा होता, फक्त ती खोली फार शांत होती. हात मात्र हलत होते, आणि 'साका' म्हणताना त्यांनी बोटांनी हवेत काहीतरी खाली बसवून दाखवलं. नाकातानी-सान टेबलाकडे बघत होते. मला वाटलं ते नाराज आहेत. मला वाटलं, तक्रार घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला माझे वडील धडा शिकवताहेत. माझे कान तापले. इथे आधी मान खाली घालायची असते, मग दार उघडतं, मग बोलायचं असतं, हे बाबांना कसं कळत नाही? मी ते त्यांच्यासाठी करतो, असं मी ठरवलं. मी दोन्ही हात तातामीवर टेकले, कपाळ खाली नेलं आणि म्हणालो, "मोशिवाके गोझाइमासेन." आम्ही अपराधी आहोत, आमच्याकडे बोलायला काही नाही. वडिलांना फार वाईट वाटतंय, एवढं मी पुढे जोडलं. बस.

नाकातानी-सानांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग तेही वाकले. त्यांची नजर बाबांच्या गुडघ्याशी ठेवलेल्या बांधलेल्या बाटलीकडे गेली. बाबांना वाटलं, आता दाखवायची वेळ आली. त्यांनी ती पुढे सरकवली. नाकातानी-सानांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाशी नेली आणि आतल्या माणसाकडे दिली. क्षमेबरोबर आणलेली भेट, ती अशीच स्वीकारतात.

"अरे, ती आत का नेली?" बाबा हळूच म्हणाले. "ती ओतायची होती."

"इथे अशी पद्धत असते, बाबा."

"पण तू सांगितलंस ना सगळं?"

"हो."

दुसऱ्या दिवशी सगळा माल परत आला. सदोष ठरलेला माल गोदामात ठेवायला शेठ तयार नव्हते. गोदामामागच्या गटारात बाटल्या रिकाम्या करायचं कामही बाबांवरच आलं. मी मदतीला गेलो होतो. इथे उन्हाळ्यात घरोघर भाजक्या बार्लीचं पाणी थंड करून पितात, त्या पाण्याला येतो तसाच वास दिवसभर त्या गल्लीला येत होता. बाबा बाटली न हलवता, शांतपणे ओतत होते. गटारात ओतायच्या बाटलीचाही साका त्यांनी वर येऊ दिला नाही.

घरी परतताना चढावर ते थांबले. म्हणाले, "सुधीर, मी फार बोललो का रे?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "थोडं जास्तच झालं, बाबा."

हे ते वाक्य आहे. नाकातानी-सानांसमोर जे केलं ते चांगल्या हेतूने केलं, असं मी स्वतःला समजावू शकतो. एखादं पोर चुकतं. पण चढावरचं वाक्य मी समजून-उमजून बोललो. त्यानंतर बाबा कमी बोलू लागले. आधी पेढीत, मग घरी. शेठांनी त्यांना छत्र्या आणि बटणांच्या विभागात टाकलं. जेवताना नदीवरच्या त्या गावाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आईने एकदा विषय काढला तर म्हणाले, "वाढ गं. गार होतंय." ब्रुअरीने आपला माल योकोहामाच्या दुसऱ्या पेढीला दिला. त्यांनी तीच पोर्टर, त्याच साक्यासकट, बाटलीच्या गळ्यात एक छोटी चिठ्ठी अडकवून विकली. सावकाश ओता, तळाचा साका नैसर्गिक आहे. कोबेच्या मोठ्या दुकानात बाबांनी ती बाटली हातात घेऊन चिठ्ठी पाहिली. त्यांना ती वाचता येत नव्हती. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. "हं," ते म्हणाले आणि बाटली जागेवर ठेवली, आधी होती त्याच कोनात.

काही वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, नाकातानी-सान मला स्टेशनवर भेटले. त्यांनीच ओळखलं. म्हणाले, "नेने-सान, तुमच्या वडिलांनी त्या दिवशी काहीतरी समजावून सांगावं म्हणून मी थांबलो होतो. ते एवढं बोलले, आणि तुम्ही म्हणालात फक्त क्षमा. तेव्हा मला वाटलं, माल खरोखरच वाईट असणार." मग ते हसून म्हणाले, "ते साके मात्र फार उत्तम होतं." मी वाकलो. तेव्हाही काही बोललो नाही.

दरम्यान बाबा रेडिओवरून जपानी शिकत होते. पहाटे, चहाचा कप पुढ्यात घेऊन, पुटपुटत. आम्ही चेष्टा करायचो. पण ते चिकाटीचे होते. निवृत्त होईपर्यंत त्यांचं जपानी कामचलाऊ झालं, मग चांगलं झालं. मला त्यांनी दुभाष्या म्हणून पुन्हा कुठेही नेलं नाही. बँकेत, वॉर्ड ऑफिसात, घरमालकाकडे, सगळीकडे ते एकटे जायचे. ती स्वाभिमानाची गोष्ट आहे असं मी मानत होतो. पण पहिल्या काही महिन्यांतच क्षमेचा तो शब्द त्यांच्या धड्यात आलाच असणार, कारण तो सगळ्यांच्याच येतो. आपण एवढं बोललो आणि पोराने एवढंसं सांगितलं, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी मानू शकत नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही. कुंदाने हा किस्सा रंगवायला सुरुवात केली तेव्हा ते हयात होते. तेही ऐकून घ्यायचे आणि सुपारी कातरत बसायचे.

शेवटच्या वर्षी त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टर तरुण होता, भरभर बोलायचा, आणि आजाराचे शब्द रेडिओच्या धड्यात नव्हते. तपासण्या झाल्या त्या सकाळी बाबांनी मला बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. डॉक्टर बराच वेळ बोलला. त्याचं बोलणं ऐकताना माझ्या मनात आपोआप जुळवाजुळव सुरू झाली, काय सांगायचं, काय आत्ता नको. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तो बोलला ते सगळं सांग," ते म्हणाले. "कमी करू नकोस."

मी सांगितलं. किती पसरलंय, काय करता येईल, काय येणार नाही, डॉक्टर कुठे अडखळला, तेही. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग ते बोलू लागले, मराठीत, हात हलवत, कितीतरी दिवसांत बोलले नव्हते तेवढं. शस्त्रक्रिया नको. घरी राहायचंय. दुखलं तर औषध द्या, पण झोपवून ठेवू नका, मला माणसं ओळखता आली पाहिजेत. आणि तुम्ही तरुण आहात, हे मला सांगताना तुम्हाला जड गेलं, ते मला दिसलं, त्याबद्दल आभार. मी एकेक वाक्य जपानीत सांगत गेलो. आभारही सांगितले. मी बोलत असताना ते डॉक्टरकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठांकडे, एकही शब्द सुटू नये तसे.

माझं संपलं तेव्हा डॉक्टर उठून वाकला. बाबांनी मनगटावरचा हात काढला नाही.

"हं," ते म्हणाले. "आत्ता बरोबर सांगितलंस."